पोलिसाची दुसरी निष्ठा



कामगार चळवळीतल्या माणसाने पोलिसांची कड घ्यावी, याचे कित्येकांस नवल वाटेल. मोर्चात आमची नि त्यांची गाठ पडते ती काठीच्या दोन टोकांस. तथापि शिपाई हाही पगारावर पोट भरणारा आणि बदलीला भिणारा माणूस आहे, हे आम्ही विसरत नाही.

1966 साली संसदेने पोलिसांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा केला. परवानगीवाचून पोलिसाने कामगार संघटनेचे वा राजकीय संस्थेचे सभासद व्हावयाचे नाही. झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. 1982 च्या ऑगस्टात मुंबईच्या पोलिसांनी संप केला, तेव्हा लष्कर बोलावले गेले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. मात्र त्याच कायद्यात निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या वा धार्मिक संस्थांना मोकळीक आहे. भजनी मंडळाला ती असावीच. परंतु द्वेष पसरविणारी मंडळी पाटीवर ‘द्वेष’ असे लिहीत नाहीत. तीही धर्माचे नि समाजसेवेचेच नाव लावतात. म्हणजे घरभाडे मागणारा शिपाई अपराधी, आणि शेजाऱ्याला शत्रू मानण्याची दीक्षा घेणाऱ्याला मात्र पळवाट!

याचे मोल काय पडते? 1992 च्या डिसेंबरात व 1993 च्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 1998 साली अहवाल दिला. 900 माणसे मेली. त्यांत 575 मुसलमान व 275 हिंदू. पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी पूर्वग्रह होता, असे आयोगाने स्पष्ट नमूद केले. मनातला पूर्वग्रह कायद्याने काढता येत नाही, हे खरे. पण त्या पूर्वग्रहाला शपथ, वर्गणी आणि पुढारी मिळाला, की त्याचे बळ दसपट होते.

कोणी विचारील, द्वेषाची संघटना कोणती हे ठरवायचे कोणी? उद्या सरकार आमच्या युनियनलाच तसे म्हणेल! ही भीती पोकळ नाही. म्हणून कसोटी विचारांची नको, कृतीची हवी. जन्माने वेगळ्या असलेल्या माणसावर बहिष्कार घाला, त्याला मारा, हुसका, असे जी संस्था सांगते ती द्वेषाची. मालकाशी भांडणारी युनियन या कसोटीत बसत नाही. कारण मालकपण जन्माने चिकटत नाही. आणि निर्णय मंत्र्याने नव्हे, न्यायाधीशाने, दोन्ही बाजू ऐकून द्यावा. इंग्लंडात 2004 साली पोलिसांना ब्रिटिश नॅशनल पार्टीत जाण्यास मनाई झाली. तेथील पोलीस दल त्यामुळे मोडून पडले नाही.

उद्या पुसदला वा वणीला मिरवणुकीत दगड पडला, तर रात्री ठाण्यात फिर्याद घेऊन जाणाऱ्या बाईने समोरच्या जमादाराच्या गणवेशाकडे पाहावे, की तो कोणाच्या बैठकीला बसतो याची चौकशी करावी? तिला चौकशीची गरज पडली, तेथेच कायद्याचे राज्य संपले.

तेव्हा आमची मागणी दुहेरी आहे. पगार, पाळी आणि घर यांसाठी पोलिसांना त्यांची संघटना द्या. आणि द्वेषाच्या संघटनेचे दार त्यांना बंद करा. ज्याचे गाऱ्हाणे ऐकायला स्वतःची संघटना आहे, त्याला दुसऱ्याच्या द्वेषात आसरा शोधावा लागत नाही.