घर पुरेल का, हे कसं ठरवावं?

(गणेशोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं काही व्याख्याते नाही. घरांचे नकाशे काढायचे आणि बांधकामावर देखरेख ठेवायची, हा आमचा व्यवसाय. मंडळानं बोलायला बोलावलं तेव्हा आम्ही तोच विषय घेतला, जो आपली माणसं आमच्याकडे सर्वांत जास्त घेऊन येतात. "घर लहान आहे हो. पुरेल का?"

इंदुरात आपल्यापैकी पुष्कळांची मुळं वाड्यांत आहेत. आता वाडे विकले जातात, हिस्से होतात आणि हिश्श्याच्या पैशांतून एखाद्या मल्टीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला जातो. रजिस्ट्रीच्या आधी नकाशा आमच्यासमोर येतो. 'पुरेल का' असं विचारलं जातं, पण त्याच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो. आई कुणाकडे राहणार? बाबांचा पलंग कुठे टाकायचा? 'जागा नाही' हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. कधी ते अगदी खरे असतात आणि कधी तो नुसता पडदा असतो. खरं काय ते मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून आज मोजण्याबद्दलच बोलू.

एक नमुन्याचा फ्लॅट घेऊ. कारपेट ५०० चौरस फूट. हॉल १० बाय १४, एक बेडरूम १० बाय ११, दुसरी ९ बाय १०, स्वयंपाकघर ७ बाय ८, दोन बाथरूम प्रत्येकी ४ बाय ८. उरलेले चाळीस फूट बोळात आणि आतल्या भिंतींत जातात. बाहेर छोटी गॅलरी.

आधी एवढं बघा, की हा आकडा कारपेटचाच आहे ना. २०१६च्या रेरा कायद्यानं कारपेटची व्याख्या पक्की केली आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट, गॅलरी आणि उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरतात. म्हणजे कारपेटमधली जागाही सगळीच पायाखाली येत नाही. कुणी 'सुपर बिल्टअप' सांगू लागला तर शांतपणे कारपेट विचारा. जिना आणि लिफ्ट यांत आपल्याला पलंग टाकायचा नाही.

मग हा ५०० फुटांचा फ्लॅट लहान की मोठा? मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांत मिळून. पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० फुटांचं घर मिळतं. १६० फुटांत संसार केलेल्या बाईला तो महाल वाटतो. तेवढाच फ्लॅट वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला काड्यापेटी वाटतो. दोघंही खरं बोलतात, पण दोघंही आधीच्या घराशी तुलना करतात, पुढच्या दिवसांशी करत नाहीत.

तज्ज्ञांची मापं लावून बघू. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दोन राहत्या खोल्या असतील तर एक किमान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी ७.५ चौरस मीटर हवी. फुटांत ते साधारण १०२ आणि ८१ होतात. आपला फ्लॅट पास. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटचा निकष आहे की एका राहत्या खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नसावीत. नवरा-बायको, पंधरा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी आणि आजी, अशी पाच माणसं धरा. हॉल धरून खोल्या तीन. पुन्हा पास, तेही आरामात. आता युरोपातल्या युरोस्टॅटचं माप लावा. घराला मिळून एक खोली, जोडप्याला एक, अठरा वर्षांवरच्या प्रत्येक एकट्या माणसाला एक, आणि बारा ते सतरा वयाच्या मुलामुलींना वेगवेगळी. या कुटुंबाला पाच खोल्या लागतात. आपला फ्लॅट नापास!

एकच घर, तीच माणसं, आणि निकाल दोन. म्हणून आम्ही सांगतो की निकष माहीत असावेत, पण पुरेल की नाही ते आपल्या घरातल्या माणसांवरून ठरवावं. त्यासाठी आम्ही तीन कामं करायला लावतो. खर्च काही नाही. मोजपट्टी, खडू आणि एक मोठा कागद.

पहिलं काम, सामान मांडून बघणं. डबल बेड साधारण सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. कपाट दोन फूट खोल. आपल्या १० बाय ११च्या खोलीत पलंगाची लांबी दहा फुटांच्या बाजूनं टाकली आणि पायथ्याशी कपाट ठेवलं, तर मधे उरतो दीड फूट. कपाटाचं दार उघडलं की माणूस उभा राहील कुठे? तोच पलंग भिंतीला लावा आणि कपाट त्याच्या दुसऱ्या कुशीला, समोरच्या भिंतीशी ठेवा. आता सहा आणि दोन, आठ फूट गेले. अकरातले तीन उरले. दार उघडतं, माणूस वाकतो. पण भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. तरुण जोडप्याला हे चालेल. गुडघे दुखणाऱ्याला चालणार नाही. खोली तीच, पण एकाला पुरते आणि दुसऱ्याला पुरत नाही. म्हणून रिकाम्या फ्लॅटच्या फरशीवर खडूनं पलंग आखा, कपाट आखा, दारं उघडून बघा आणि मग त्यातून चाला.

घरात वयस्क माणूस असेल तर बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर, हे जरूर बघा. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगानं दार अडतं.

दुसरं काम म्हणजे सामानाची यादी. वाड्यातून निघताना पितळी पातेली, धान्याच्या कोठ्या, गाद्या-गोधड्या, गौरीचे मुखवटे, मखर, सगळं बरोबर येतं. तीन रकाने करा. रोज लागणारं, महिन्यातून लागणारं आणि वर्षातून एकदा लागणारं. रोजचं हाताशी, महिन्याचं कपाटात, वर्षाचं माळ्यावर. कुठल्याच रकान्यात न बसणारं सामान नव्या घरात नेताना विचार करा, कारण त्याचं भाडं आपण चौरस फुटांत भरणार असतो. आठवण म्हणून एक घंगाळ ठेवा, आमची ना नाही. अकरा घंगाळं ठेवू नका.

तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच लोक करत नाहीत. दिवसाचा तक्ता. कागदाच्या डाव्या बाजूला घरातल्या प्रत्येकाचं नाव, वर पहाटे चारपासून रात्री बारापर्यंतचे तास. प्रत्येक चौकटीत लिहा की हा माणूस या वेळी कुठे आहे आणि काय करतो आहे. एकाच जागी एकाच वेळी दोन न जमणारी कामं आली की तिथे लाल खूण करा. मुलाचा अभ्यास आणि टीव्ही. नवऱ्याची ऑफिसची मीटिंग आणि मिक्सर. शेवटी आणखी एक विचारा. या घरात एकाच वेळी किती जणांना दार लावून बसता येतं? रडू आलं, फोनवर मनातलं बोलायचं आहे, ताप आलाय, नुसतं गप्प पडून राहायचंय. यासाठी एक दार लागतं.

मघाशी जे पाच माणसांचं कुटुंब सांगितलं, ते काल्पनिक नाही. असंच एक कुटुंब आमच्याकडे आलं होतं. बेत असा, की आजी आणि नात ९ बाय १०च्या खोलीत राहतील. तीन-तीन फुटांचे दोन पलंग बसत होते, मधे वाटही राहत होती. खडूच्या परीक्षेत खोली पास झाली. मग तक्ता भरला. आजी नऊला दिवा मालवणार, साडेचारला उठणार. नात अकरापर्यंत अभ्यास करणार, सहाला उठणार. रोज साडेतीन तास लाल. नात हॉलमध्ये बसवली, तर तिथे मुलगा आणि बाबांचं काम. मुलाला गॅलरीत टेबल दिलं, तर पावसाळ्यात काय? तक्ता चार वेळा लिहिला. आजी शेजारी बसून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझं नाव सगळीकडे कुणाच्या तरी शेजारी आहे. एकटं कुठेच नाही."

तोवर 'आई राहील का' हे सगळ्यांनी विचारलं होतं. आईला काय हवं, ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपल्या हिश्श्यातून त्याच गल्लीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. रात्रीचं जेवण मुलाकडे, नात शाळेतून आली की आधी आजीकडे. नातेवाइकांत बोलणी झालीच. 'आईला बाहेर काढलं' म्हणाले. आम्ही तो तक्ता पाहिला आहे. तिथे जागा खरंच नव्हती आणि ते कुणाचं पाप नव्हतं.

याच्या उलटही पाहिलं आहे. एका घरी 'जागा नाही' म्हणून वडिलांची सोय दुसरीकडे बघत होते. मोजलं, तर दुसऱ्या खोलीत सोफासेट, शोकेस आणि कपडे वाळत घालायला वापरलेलं व्यायामाचं यंत्र. तक्त्यात ती खोली दिवसभर रिकामी. आम्ही कागद त्यांच्या हातात दिला आणि चहा घेऊन निघालो. निर्णय त्यांचा. पण नाव जागेचं घेऊ नये, एवढंच आमचं म्हणणं.

आता दाराबाहेरच्या जागेबद्दल. आपल्या इंदुरातच याचा जगानं वाखाणलेला नमुना आहे. अरण्य वसाहत. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी ती आखली. १९९५ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली दोशींना प्रित्झकर सन्मान. तिथले सर्वांत लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचे. बहुतेकांना जोतं आणि संडास-पाण्याची सोय बांधून दिली, पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवलं. पण त्या आखणीतलं खरं शहाणपण ओटल्यात, चौकात आणि गल्लीत आहे. भाजी निवडणं, मुलांचं खेळणं, म्हाताऱ्यांचं बसणं ही कामं ओटल्यावर गेली, की आतली खोली तेवढीच मोठी होते. म्हणून फ्लॅट बघताना दाराबाहेरही बघा. गच्ची खुली असते की कुलूप? खाली बसायला बाक आहे का? आजोबांना एकट्यानं चालत जाता येईल असं देऊळ, वाचनालय किंवा हे आपलं मंडळ किती लांब आहे?

पण जुन्या दिवसांचं फार गोड चित्र आम्ही काढणार नाही. 'आम्ही दहाजण एका खोलीत वाढलो' असं अभिमानानं सांगितलं जातं. सांगणारे बहुधा पुरुष असतात. त्या खोलीत पहाटे सर्वांच्या आधी उठणाऱ्या, नळावर रांग लावणाऱ्या आणि लुगडं बदलायला आडोसा शोधणाऱ्या बाईला विचारा, पुरत होतं का. ती म्हणेल, पुरवत होते. घर पुरतं आणि घर पुरवावं लागतं, यात फरक आहे. तक्त्यात लाल खुणा नसतील आणि त्या सगळ्या एकाच माणसानं गिळल्यामुळे नसतील, तर तो तक्ता खोटा आहे.

आणखी एक. बरेच लोक घराचं माप सणावरून घेतात. "गौरी-गणपतीला वीस माणसं येतात, मावतील का?" वीस माणसं मावतात हो. पंगत दोनदा बसवू, पोरं गच्चीवर झोपतील, माळव्याची रात्र आहे. पाहुणे दोन दिवसांत परततात. बाकीच्या दिवसांसाठी मात्र घरात राहणाऱ्यांचं माप घ्यायला हवं.

ज्यांच्या घरी असा निर्णय व्हायचा आहे, त्यांनी तक्ता भरताना सगळ्यांना एकत्र बसवा. ज्यांच्याविषयी निर्णय आहे त्यांना आधी बोलू द्या आणि शक्य असेल तर पंधरा दिवस राहून बघा. अडलंच तर आम्ही आहोत. मोजपट्टी आमच्याकडे असतेच आणि या कामाचे पैसे आम्ही घेत नाही, चहा घेतो.