बापाची मांडी



धाराशिव जिल्ह्यात उभे राहून बापाविषयी बोलायचे, तर तेरच्या गोरोबाकाकांना वगळता येत नाही. कथा आपणा सर्वांना पाठ आहे. बायको पाण्याला गेली. जाताना रांगते मूल नवऱ्याच्या स्वाधीन करून गेली. गोरोबा विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवीत राहिले आणि मूल पायांखाली गेले. महिपतींनी ती 'भक्तविजया'त सांगितली, कीर्तनकारांनी घरोघर पोहोचविली. पुढे तुटलेले हात परत येतात, मूलही परत येते, म्हणून आपण निःश्वास टाकून, बुक्का लावून घरी जातो.

आम्हांला मात्र त्या बाईचे पाण्याला जाणेच अधिक आठवत राहते. बाप काही परगावी नव्हता. काम अंगणातच होते, मूलही तेथेच होते. तरी ते त्याला दिसले नाही. "पोराकडे लक्ष असू द्या," असे सांगून कळशी उचलणारी बाई घरोघरी होती आणि आहे. आणि "हूं" म्हणून पूर्वी वर्तमानपत्रात व आता मोबाइलात मान घालणारा पुरुषही आहे. गोरोबांच्या मुखी निदान नाम तरी होते!

आता तर पुष्कळांचे अंगणातले कामही गेले. कळंब, भूम, वाशीकडची कित्येक जोडपी दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मूल बरोबर नेले तर ते उसाच्या फडात. मागे ठेवले तर आजीपाशी, आणि मग हंगामभर बाप म्हणजे फोनवरचा आवाज. त्याला निष्काळजी कोण म्हणेल? उचल फिटायची असते.

पण ज्यांचे बाप घरातच होते त्यांचे काय? गोरोबांना सारी संतमंडळी काका म्हणत. आमच्या घरी चुलत भावंडे वडिलांना काका म्हणत, म्हणून आम्हीही त्यांना काकाच म्हणत असू. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घेणे हा तेव्हा निर्लज्जपणा समजला जाई. पुतण्याला खुशाल खांद्यावर बसवावे, स्वतःच्या पोराकडे पाहूही नये! घराने बापाला दरारा दिला, खर्चाची पिशवी दिली आणि मांडी मात्र काढून घेतली. तापात उशाशी बसणे आईचे. "थांब, वडिलांना सांगते," या धमकीपुरता बाप. १९९७ साली केंद्र सरकारने आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना अपत्यजन्माच्या वेळी पंधरा दिवसांची रजा दिली, तेव्हा "पुरुषाला कसली बाळंतपणाची रजा?" म्हणून हसणारे पुष्कळ होते. त्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केलेले बरे.

आम्हांला पहिला मुलगा झाला तेव्हा वडील ओसरीवर बसत. त्यांच्यादेखत बाळाला हात लावण्याचा धीर आम्हांला दोनतीन महिने झाला नाही. एके दिवशी घरात कोणी बाई नव्हती आणि बाळ रडू लागले. आम्ही ते कसेबसे उचलून ओसरीवर आलो. वडिलांनी चष्म्यावरून पाहिले. आता बोलणी बसणार, असे वाटले. ते उठले, आमचा हात धरून बाळाच्या मानेखाली नीट ठेवला आणि म्हणाले, "मान धरावी आधी. तू असाच टाकायचास."

आम्हांला त्यांनी कधी घेतलेले आम्ही कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. आम्ही मान टाकत होतो, हे त्यांना कसे ठाऊक, ते विचारायचे आमच्याकडून राहूनच गेले.