पाटा-वरवंटा कुणाच्या हातचा?

(द्रोणागिरी, नवी मुंबई येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज दगडाविषयी बोलायचं आहे. आपल्या घरात पाटा-वरवंटा असतो. रोजचं वाटण आता मिक्सरमध्ये होतं, पण बाळाची पाचवी आली की पाटा धुऊन, हळदकुंकू वाहून सटवाईच्या नावाने पुजला जातो. बारशाला वरवंट्याला कुंची घालतात आणि पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात देतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं, ही त्यामागची इच्छा. या विधीला भटजी लागत नाही, पोथी लागत नाही. सगळं बायकाच करतात.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी नेमकी हीच गोष्ट हेरली. दगडावर धान्य रगडणं हे अश्मयुगापासून चालत आलेलं काम आणि त्या हत्याराभोवतीचा बायकांचा विधीही तितकाच जुन्या वळणाचा, असं त्यांनी मांडलं. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी पुण्याच्या आसपासची, कार्ल्याकडची देवींची ठाणी पायी फिरून नोंदवली. शेंदूर फासलेले तांदळे आणि अश्मयुगीन माणसांची दगडाची बारीक पाती त्यांना एकाच वाटांवर सापडली. कार्ल्याची एकवीरा ही आपल्या आगरी-कोळ्यांची आई. म्हणजे हा इतिहास आपल्यापासून लांबचा नाही.

त्याच्याही फार आधीची हत्यारं नेवाशाजवळ चिरकी इथे मिळाली. १९६०च्या दशकात ते उत्खनन गुडरून कॉर्व्हिनस या बाईंनी केलं. तिथल्या काही लाख वर्षं जुन्या हातकुऱ्हाडींसारखी हत्यारं जगभर सापडतात. त्यांतल्या काहींच्या दोन्ही बाजू इतक्या सारख्या आणि नेटक्या घडवलेल्या असतात, की नुसतं कापण्यासाठी एवढ्या मेहनतीची गरज नव्हती. माणसाच्या सौंदर्यदृष्टीची ही सुरुवात असावी, असं काही अभ्यासक मानतात.

पुस्तकातल्या चित्रात मात्र दगड घडवणारा कायम पुरुष! बाई बाजूला, कडेवर मूल घेऊन बसलेली. याला पुरावा काय? इथिओपियात कोन्सो समाजाच्या बायका कातडं कमावण्यासाठी दगडी हत्यारं स्वतः घडवत आल्या आहेत. पेरूमध्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या एका तरुण बाईच्या दफनात शिकारीची दगडी हत्यारं मिळाली. ते संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. सगळी हत्यारं बायकांनीच केली असं मी म्हणत नाही. पण सगळी पुरुषांनीच केली, असं म्हणायलाही आधार नाही.

आता आपल्या घरात या. ज्या दगडाला आपण पुजतो, त्याला मोल कशाने आलं? पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी त्यावर खांदे झिजवले म्हणून. आणि बारशाच्या दिवशी तोच वरवंटा हातात घ्यायला कोण चालत नाही? विधवा आजी. मूल नसलेली काकू. नवऱ्याने टाकलेली बहीण. वाटण वाटताना तिचं कुंकू कुणी बघत नाही, पाळण्यापाशी मात्र बघतात. जन्मभर तिचे हात चालतात, एक दिवस चालत नाहीत. आपली ही एवढी जुनी, भटजीवाचून चालणारी पूजा. तिच्या दाराशी सौभाग्याचा पहारा आपणच बसवतो, आणि तो आपणच उठवू शकतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. पण पाळण्याजवळ ठराव पोचत नाही. तिथे आपणच असतो.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. आपल्या गटातल्या कुणाच्याही घरी पुढचं बारसं असेल, मुलाचं किंवा मुलीचं, तेव्हा वरवंटा पहिल्यांदा त्या घरातल्या सर्वांत जास्त राबलेल्या बाईच्या हातात द्यायचा. तिच्या कपाळाकडे न बघता. कुणी विचारलं तर सांगा, हा दगड तिचाच आहे.