इसब बरा होतो, डाग मागे राहतो

(वाकड येथे मंडळीच्या मासिक सभेत आदिवासी वाड्यांवरील आरोग्यकामाविषयी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वाड्यांवरच्या कामाची माहिती द्या, असं मला सांगितलं होतं. सगळं सांगायला बसले तर तुमचं जेवण थंड होईल, म्हणून एकाच गोष्टीवर बोलते. इसबाचे डाग. हा काही जिवावरचा आजार नाही, मग त्यावर एवढं काय बोलायचं, असं कुणाच्या मनात येईल. नर्सिंगच्या नोकरीत असताना माझ्याही मनात तेच होतं.

मावळातल्या एका कातकरी वाडीवर तेरा वर्षांची मुलगी होती. दोन्ही कोपरांच्या आतली बाजू आणि मान काळी, जाड, सुरकुतलेली. लहानपणापासूनचा इसब. शाळेत जेवायच्या रांगेत मुली तिच्या शेजारी बसत नव्हत्या. कुणी म्हणे खरूज, कुणी म्हणे महारोग. तिने शाळाच सोडली आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. इसब शिवून, शेजारी बसून, एका ताटात जेवून लागत नाही. एवढं एक वाक्य शाळेत वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर तिचं वर्ष वाचलं असतं.

आता डाग म्हणजे काय ते सांगते. इसबाने कातडी सुजते आणि सूज उतरली की तिथला रंग गडद राहतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तो जास्त दिसतो. हा खरा व्रण नव्हे. खाज थांबवली, ऊन टाळलं, तर तो काही महिन्यांत, कधी वर्षभराने, फिका होतो. खाजवत राहिलं की मात्र कातडी जाड आणि खरखरीत होत जाते. खरा व्रण पडतो तो नखांनी खोल ओरबाडल्याने, जखम पिकल्याने, नाही तर आपल्याच औषधाने भाजल्याने.

भाजल्याने म्हणजे बिब्बा. माझ्या पोटरीवर रुपयाएवढा व्रण आहे. मी आठ वर्षांची असताना आजीने इसबावर बिब्ब्याचं तेल लावलं. इसब आज कुठे होता ते आठवत नाही, बिब्बा मात्र जन्मभराचा सोबती झाला. आजीला बोल लावत नाही, तिने मायेनेच केलं. पण वाड्यांवर अजून बिब्बा लावतात, तापल्या सळईचा डागही देतात. तिथे जाऊन ‘अडाणी आहात’ म्हणायचं नाही. मी माझी पोटरी दाखवते. ते जास्त पटतं.

करायचं काय, तर ते फार स्वस्त आहे. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. कपड्याचा साबण अंगाला नको, दगडाने घासणं नको. अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळायची, दिवसातून दोनदा, इसब शांत असतानाही. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं. नखं कापलेली हवीत. लहान मूल झोपेत ओरबाडत असेल तर हातांत जुने सुती मोजे घालावेत. खाज सुटली की गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवावं. पिवळी खपली धरली, पू आला, तर वाट न बघता आरोग्य केंद्र गाठावं. आणि फिकट चट्टा असला, त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसला, तर तो इसब समजून तेल चोळत बसू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

आता मलमाचं सांगते, आणि इथे माझी स्वतःची चूक आहे. आमच्या शिबिरात डॉक्टरांनी त्या मुलीला स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं. योग्यच होतं. भडकलेला इसब त्याशिवाय लवकर उतरत नाही आणि लवकर उतरला तर डागही कमी पडतो. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. ट्यूब मी तिच्या आईच्या हातात दिली. कसं लावायचं ते सांगितलं, कधी थांबायचं ते सांगायचं राहिलं. पुढच्या वाडीला उशीर होत होता. आठ दिवसांत खाज गेली. आईला वाटलं, देवाने औषध धाडलं. भट्टीजवळच्या बाजारातून तिने तसंच, पण जास्त तीव्र मलम पुन्हा पुन्हा आणलं. चार महिन्यांनी मुलगी परत आली तेव्हा कोपरांच्या आत कातडी पातळ झाली होती आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा उमटल्या होत्या. काळा डाग जातो. या रेघा फिकट होतात, पण जात नाहीत.

2018 साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी दुकानात ‘खाजेचं द्या’ म्हटलं की ट्यूब मिळते. आपल्याच घरातल्या औषधाच्या डब्यात बघा, एखादी निघेल.

हे फक्त वाडीचं दुखणं नाही. वाकडमध्ये रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचं गाजर गवत माजलेलं दिसतं ना? या गवताची भारतातली नोंद पन्नासच्या दशकात पुण्यात झाली आणि त्याने होणाऱ्या इसबाचा अभ्यासही पुण्याचाच. डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी 1974 साली तो प्रसिद्ध केला. गवताचे सुके कण हवेतून येतात, म्हणून पापण्या, मान, कोपरांच्या घड्या अशा उघड्या जागा काळ्या पडतात. ते उघड्या हातांनी उपटायचं नाही. फुलं येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काढायचं. दुसरं, सिमेंट. तुमच्या-माझ्या इमारती ज्यांनी बांधल्या त्यांचे हात बघा. ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही. युरोपात 2005 पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमवर मर्यादा आहे. आपल्या साइटवर निदान आतून कोरडे हातमोजे आणि हात धुवायला स्वच्छ पाणी द्या, एवढं सोसायटीच्या कमिटीत बसणारे बांधव बिल्डरला सांगू शकतात. कुणाचा व्रण उंच, गाठीसारखा वाढत असेल तर त्यावर सिलिकॉनची पट्टी आणि इंजेक्शन असतं. वायसीएम किंवा ससूनच्या त्वचारोग विभागात दाखवा. गोरं करणारी क्रीम त्यावर नको.

आम्हाला हवंय ते असं : पेट्रोलियम जेलीच्या डब्या, खोबरेल तेल, नखं कापायची यंत्रं, मऊ सुती, पूर्ण बाह्यांचे जुने सदरे. सदरे धुऊन द्या, नवा साबण वापरला असेल तर दोनदा खळबळून.

ती मुलगी जूनमध्ये पुन्हा शाळेत जाऊ लागली. तिच्या वर्गात मी आणि बाईंनी मिळून अर्धा तास घेतला. मानेवरचा काळेपणा आता बराच उतरलाय. मागच्या खेपेला तिने कोपर पुढे केलं आणि विचारलं, “सिस्टर, या रेघा जातील का?”

मी म्हटलं, “नाही गं. फिकट होतील. पण माझ्या चुकीने पडल्या त्या.”

तिने थोडा वेळ कोपराकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं. आणखी एक डबी द्याल? धाकट्यालाही खाज सुटलीय.”