चार सेकंदांचं बिल कोण भरतं?

ड्रॅग रेसिंगची रील तुम्ही नक्की बघितली असणार. दोन लांबलचक गाड्या, हिरवा दिवा, कान फाडणारा आवाज, की खेळ खल्लास! सगळ्यात वेगवान वर्ग म्हणजे टॉप फ्युएल. 1000 फूट, म्हणजे जेमतेम 305 मीटर, चार सेकंदांच्या आत.

आज बोलूया या चार सेकंदांच्या बिलाबद्दल.

बर्नआउट धरून एका रनला सुमारे 50 लिटर नायट्रोमिथेन जातं. रन संपली की क्रू अख्खं इंजिन उघडतो, खराब झालेले पार्ट बदलतो आणि तासाभरात परत बांधतो. जिंकायचं तर रविवारी अशा चार फेऱ्या. पहिल्याच फेरीत हरलात तरी तेलकट हात आणि बिल तुमचंच. बक्षिसातून हे भागत नाही, म्हणून सगळी मदार स्पॉन्सरवर.

अमेरिकेत हा खेळ चालवते एनएचआरए. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये सुरू केलेली ही संस्था कागदोपत्री ना-नफा आहे. मग रेसर्सचं भांडण कशाबद्दल? तर पैशाच्या निर्णयात आपल्याला जागा किती, याबद्दल. आणि हे भांडण जुनं आहे. 1972 मध्ये डॉन गार्लिट्स यांनी बक्षिसं तुटपुंजी आहेत म्हणून थेट बंड केलं. इंडियानापोलिसला एनएचआरएची सगळ्यात मोठी शर्यत असायची, नेमक्या त्याच शनिवार-रविवारी त्यांनी टल्सामध्ये मोठ्या बक्षिसांची स्वतःची शर्यत भरवली.

2007 मध्ये एनएचआरएने आपलं प्रोफेशनल रेसिंग एका कंपनीला सुमारे 12 कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. व्यवहार मोडला, कारण त्या कंपनीच्या शेअरहोल्डर्सनी नकार दिला. बघा ना, खेळाचं भवितव्य ठरवणारं मत शेअरहोल्डर्सना होतं. रोज इंजिन बांधणाऱ्यांना नव्हतं.

मग आला 2020 चा कोविड. कोका-कोलाबरोबरचा मोठा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं. जॉन फोर्ससारख्या 16 वेळच्या विजेत्याच्या टीमने उरलेला सीझन घरी काढला. एवढी मोठी टीम थांबते, तर छोट्यांचं काय?

आता एनएचआरएची बाजूही ऐकूया. ट्रॅक, सुरक्षा, टीव्ही, सगळ्याला पैसा लागतोच. आणि मनात आणलं तर ते झटपट निर्णयही घेतात. 2008 मध्ये स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा काही दिवसांतच 1320 फुटांचं अंतर 1000 वर आलं. म्हणजे जिवाच्या प्रश्नावर धावपळ होते. मग खिशाच्या प्रश्नावर का नाही?

फेब्रुवारी 2024 मध्ये रेसर्सची संघटना पीआरओने फ्लोरिडात ब्रॅडेंटनला स्वतःची शर्यत घेतली. एकूण बक्षीस 13 लाख डॉलर. गार्लिट्सनंतर 52 वर्षांनी तोच मुद्दा!

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर पडला की एक रिपोर्ट लिहावा लागतो. निर्णय कोणाचा होता, का घेतला, पुढे काय बदलणार. ना-नफा संस्थेचा फॉर्म 990 अमेरिकेत कोणालाही बघता येतो, मोठ्या अधिकाऱ्यांच्या पगारासकट. पण आकडे दिसणं वेगळं आणि उत्तर मिळणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच, की जो बिल भरतो त्याला प्रश्न विचारायला टेबलावर खुर्ची हवी.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या भागात!