तेरची खापरे आणि आपला व्यवसाय

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपणांपैकी बहुतेकजण तेरला जाऊन आलेले आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठच्या या गावी श्रीसंत गोरोबाकाकांची समाधी आहे. दर्शन घ्यावे आणि परतावे, हा आपला परिपाठ. त्याच गावी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिकडे मात्र आपली पावले क्वचितच वळतात. आज त्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथात, हे नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथील माल गाड्यांतून भडोच बंदरास जातो, असे नमूद आहे. त्या सातवाहनकालीन वैभवाचे अवशेष गावच्या पांढरीत सापडत. इतरांनी ज्यांना फुटकी खापरे म्हटले असते, ती लामतुरे यांनी आस्थेने वेचली व जपली.

या संग्रहात मडक्यांची खापरे आहेत, मातीचे दिवे आहेत, आणि केओलिन नामक पांढऱ्या, बारीक मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. कोणाचे केवळ शिर उरले आहे, कोणाचे धड. परंतु केशरचना, कर्णभूषणे व मुखावरील स्मित आजही स्पष्ट दिसते.

गतवर्षी मी आमच्या गावच्या एका वृद्ध कारागिरांसमवेत तेथे गेलो होतो. फलकावरील अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. एका भग्न मूर्तीपाशी ते बराच वेळ उभे राहिले व म्हणाले, "ही दोन साच्यांतली. पुढचा भाग निराळा, पाठ निराळी. माती ओली असतानाच सांधली आहे. आत पोकळ ठेवली, नाहीतर आव्यात तडकली असती." विद्वानांचे मतही हेच आहे. मात्र आमच्या काकांना ते ग्रंथांतून नव्हे, हातांतून कळले होते.

त्या मूर्ती घडविणारे आपल्याच कुळांतील होते, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. परंतु त्यांची विद्या व आपली विद्या एक आहे. सोने वितळविले जाते, वस्त्र कुजते. भाजलेली माती मात्र फुटली तरी टिकते. म्हणूनच त्या काळी सामान्य माणूस कशात शिजवीत होता व कोणत्या दिव्याच्या उजेडात बसत होता, हे आज आपणांस खापरांवरून कळते. घडविणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नाही.

परत येताना काका म्हणाले, "माझ्यामागे आमच्या गावात चाक फिरणार नाही." त्यांची मुले शिकली, नोकरीस लागली, त्याबद्दल मला आनंदच आहे. कोणी चाकाशीच जखडून राहावे, असे माझे म्हणणे नाही. पण खापर जपण्यास संग्रहालय आहे. ते ओळखणारी दृष्टी या वृद्धांबरोबर जाईल, तर ती पुन्हा कोठून आणणार?

म्हणून माझी नम्र सूचना आहे. तेरला जाल तेव्हा मुलाबाळांसह संग्रहालयातही जा. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून माती निवडणे, मळणे, थापटणे, आवा रचणे यांची माहिती व त्यांचे खास शब्द लिहून घ्या. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांस जागा मिळावी आणि या वेळी सांगणाऱ्याचे नाव अवश्य छापले जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.