पाहुण्यांनी बंगळूर कसे हिंडावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आपल्या बहुतेकांच्या घरी सुटीच्या दिवसांत गावाकडून आईवडील येतात. आपण कचेरीत जातो, नातवंडे शाळेत जातात, आणि ही वडीलधारी माणसे दिवसभर सज्जात बसून परतीच्या गाडीचे दिवस मोजतात. मुलूख परका, भाषा परकी. वाट चुकली तर विचारावे कोणाला? या भीतीविषयी चार शब्द बोलण्याची मी अनुज्ञा घेतो.

प्रथम माझीच चूक सांगतो. आम्ही राजाजीनगरात राहत असताना आई साताऱ्याहून आली. एकटी नातलगांकडे निघाली, तेव्हा मी तिला चिठ्ठी दिली. तीत घराचा क्रमांक, ‘आठवा क्रॉस’ आणि दूरध्वनी एवढेच लिहिले. परतताना रिक्षाने तिला मल्लेश्वरच्या आठव्या क्रॉसवर सोडले! रिक्षावाल्याचा दोष नव्हता. या शहरात ‘मेन’ म्हणजे मुख्य रस्ता व त्याला छेदणारा तो ‘क्रॉस’. आणि हे आकडे प्रत्येक वसाहतीत पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून पाहुण्यांच्या चिठ्ठीत वसाहत, मेन, क्रॉस आणि जवळचे देऊळ वा शाळा ही चारही असावीत.

तासाभराने मी पोहोचलो, तेव्हा आई एका फुलवालीच्या शेजारी बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवत होती. तिने त्या बाईला नुसते ‘अक्का’ म्हटले होते. कन्नडमध्येही अक्का म्हणजे थोरली बहीणच, हे तिला ठाऊक नव्हते. चिठ्ठी पाहून त्या माउलीनेच मला दूरध्वनी करविला होता.

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना प्रथम शब्द शिकवतो : ‘एल्लिदे’ म्हणजे कुठे आहे, ‘बलक्के’ उजवीकडे, ‘एडक्के’ डावीकडे, ‘नेर’ सरळ. पुरुषाला अण्णा, स्त्रीला अक्का. मग मॅजेस्टिक दाखवतो. तेथील केंपेगौडा बसस्थानकातून शहराच्या बहुतेक भागांना बस मिळते, आणि मेट्रोचे जांभळे व हिरवे मार्गही तेथेच एकमेकांना भेटतात. मॅजेस्टिक गवसले की चुकलेला माणूस पुन्हा वाटेला लागतो. मात्र जून २०२३ पासून स्त्रियांना मिळणारा मोफत बसप्रवास कर्नाटकच्या रहिवाशांपुरता आहे. पाहुण्या भगिनींनी तिकीट अवश्य काढावे.

आणि हे शहर आपल्याला सर्वस्वी परके तरी कोठे आहे? केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेले हे नगर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मल्लेश्वरातील काडुमल्लेश्वराच्या १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजीराजांच्या दानाची नोंद आहे. वडीलधाऱ्यांना पहिल्या फेरीत तेथे न्यावे. पण दुसऱ्या फेरीला त्यांना एकटेच जाऊ द्यावे.

आई त्यानंतर तीनदा आली. दर खेपेस फुले आणण्याच्या निमित्ताने ती एकटी मल्लेश्वरला जाई, आणि त्या दिवशी घरी जेवायला कधीही वेळेवर येत नसे. आपल्या घरच्या पाहुण्यांनाही असाच उशीर होवो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.